शेरखानचा आवाज कोणत्या कपाटात आहे?

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती, नवी दिल्ली,
मा. महासंचालक, दूरदर्शन,
तसेच केंद्रप्रमुख, दूरदर्शन केंद्र, वरळी, मुंबई यांस

विषय : ‘जंगल बुक’ या ॲनिमेशन मालिकेच्या हिंदी ध्वनिपट्टीचे जतन आणि तिच्यातील आवाजांची अधिकृत नामावली

सविनय नमस्कार.

जुनी मालिका पुन्हा दाखवा, अशी विनंती करणारी पत्रे आपल्याकडे सतत येत असणार. हे पत्र त्यांतले नाही. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी आपण दाखवलेली ‘जंगल बुक’ पुन्हा पाहायला मिळावी ही माझ्या पिढीची इच्छा आपण २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, पुरी केलीत आणि त्याबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले होते, ते या निमित्ताने मानतो. माझी मागणी निराळी आहे. या मालिकेची हिंदी संवादांची ध्वनिपट्टी ही स्वतंत्र कलाकृती आहे असे मानून आपण तिचे जतन करावे, ती ज्यांच्या गळ्यांतून निघाली त्या सर्वांची नावे अधिकृतपणे प्रसिद्ध करावीत, आणि त्यांतले जे आज हयात आहेत त्यांच्या आठवणी आपल्या वतीने कोणीतरी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, एवढेच मला मागायचे आहे.

ही मालिका जपानची. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने ती तयार केली, १९८९-९० मध्ये ती तिथल्या टीव्ही टोकियो वाहिनीवर दाखवली गेली, आणि तिचे एकूण ५२ भाग आहेत. म्हणजे चित्रांचे मालक ते आहेत, आणि चित्रांची काळजीही तेच घेतील. हिंदी संवादांची गोष्ट वेगळी आहे. ते जपानी प्रेक्षकासाठी नव्हते, जपानी संस्थेला त्यांचे भावनिक मोल असण्याचे काही कारण नाही, आणि उद्या ते नष्ट झाले तर टोकियोत कोणाच्या लक्षातही येणार नाही. ज्या देशात ते आवाज तयार झाले आणि ज्या प्रसारकाने ते घरोघर पोहोचवले, त्यानेच त्यांची फिकीर करायची आहे. तो प्रसारक आपण आहात.

चित्र आणि आवाज असे वेगळे काढता येतात का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. दूरचित्रवाणीसाठी दर आठवड्याला एक भाग काढणाऱ्या जपानी ॲनिमेशनची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. चित्रपटासारखा पैसा आणि वेळ हाताशी नसल्याने या मालिकांमध्ये चित्रांची मोठी काटकसर केलेली असते. पात्र बोलत असताना चेहरा बहुधा स्थिर असतो आणि तोंडाच्या दोन-तीन ठरावीक आकृत्या, म्हणजे मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे तोंड, आलटून पालटून दाखवल्या जातात. जंगलाचे एकच रंगवलेले दृश्य कॅमेऱ्यापुढून सरकते, पात्र जागच्या जागी उभे राहते, आणि त्या काही क्षणांत राग, भीती, थट्टा, माया हे सगळे दाखवण्याची जबाबदारी आवाजावर येऊन पडते. लहानपणी आम्हाला हे कळत नव्हते. आज तेच भाग आवाज बंद करून पाहिले तर बगीरा आणि बल्लू केवढा वेळ निव्वळ तोंड उघडझाप करत उभे असतात, हे दिसते, आणि आपण त्या काळी जे ‘पाहिले’ असे म्हणतो त्यातले पुष्कळसे खरे तर ऐकलेले होते, हेही उमगते.

उदाहरण म्हणून शेरखान घ्या. नाना पाटेकरांनी तो वाघ केला तेव्हा ते आधीच नावाजलेले नट होते, आणि एवढ्या नावाजलेल्या नटाने मुलांच्या मालिकेतल्या वाघाला आवाज द्यावा हेच त्या काळी अप्रूप होते. पण माझ्या मते नानांनी केलेली खरी करामत त्या नावात नाही. वाघ म्हटला की डरकाळी, हा कोणाच्याही डोक्यात येणारा पहिला विचार. नानांनी तो बाजूला ठेवला. त्यांचा शेरखान मोठ्याने ओरडतो त्यापेक्षा जास्त वेळ तो आवाज खाली आणून बोलतो, शब्द दातांत धरून सोडतो, वाक्याच्या मध्येच थांबतो, आणि समोरच्याला त्या थांबण्याचीच धास्ती वाटते. मुरूडच्या बाजूचा, मराठी रंगभूमीवर घडलेला हा माणूस हिंदी बोलताना व्यंजनांवर जो भार देतो तो हिंदीच्या काटेकोर मास्तरांना कदाचित खटकेल, पण त्या भारामुळेच तो वाघ पुस्तकी वाटत नाही. पुढे २०१६ मध्ये डिस्नेने याच कथेवर चित्रपट काढला, तेव्हा त्याच्या हिंदी आवृत्तीत बल्लूसाठी इरफान, बगीरासाठी ओम पुरी, ‘का’ अजगरासाठी प्रियांका चोप्रा असे मोठमोठे आवाज घेतले गेले. तरीही शेरखानासाठी पुन्हा नाना पाटेकरांनाच बोलावले गेले. दूरदर्शनच्या मालिकेचे गीत गुलजारांनी लिहिले होते आणि त्याला चाल विशाल भारद्वाज यांनी लावली होती. त्या गीतालाही चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी नव्याने उभे करण्यात आले. दोन दशकांहून जास्त काळ लोटल्यावरही एका परदेशी कंपनीला आपल्या डब केलेल्या मालिकेतला आवाज आणि आपले गीत विकत घ्यावेसे वाटते, याहून त्या ध्वनिपट्टीच्या मोलाचा निराळा पुरावा देण्याची गरज नसावी.

आता अडचण सांगतो. नाना पाटेकर, गुलजार आणि विशाल भारद्वाज ही तीन नावे सर्वांना ठाऊक आहेत, कारण ती माणसे पुढे, किंवा आधीच, मोठी होती. पण बगीरा कोण बोलले? बल्लू कोणी केला? खुद्द मोगली, त्याला वाढवणारी लांडगी आई, अकेला, आणि मोगलीच्या मागे-मागे हिंडणारी ती चिमुकली किची, हे आवाज कोणाचे होते? माझ्या वयाच्या कोणालाही हे विचारा, नानांचे नाव तो पटकन सांगेल आणि पुढच्या प्रत्येक नावाला अडखळेल. चाहत्यांनी आपापल्या परीने केलेल्या याद्या फिरत असतात, पण चाहत्याच्या यादीला नोंदीची किंमत नसते. संवाद हिंदीत कोणी आणले, ते तोंडाच्या हालचालीत बसावेत म्हणून एकेका वाक्याची लांबी कोणी कमी-जास्त केली, ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर कोण बसले होते, हे तर त्या याद्यांतही क्वचितच सापडते.

डबिंगच्या कामाचे स्वरूप ज्याने मुंबईत जवळून पाहिले आहे त्याला हे अनुल्लेखाचे दुखणे नवीन नाही. अंधेरी, ओशिवरा, वर्सोवा या पट्ट्यात छोट्या-छोट्या ध्वनिमुद्रण कक्षांत हा धंदा वाढला. काळ्या पडद्यांची खोली, समोर एक पडदा, कानावर हेडफोन, स्टँडवर संहितेचे सुटे कागद आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. कलाकार आधी मूळ भाषेतला तुकडा ऐकतो, मग त्याच तुकड्यावर आपले वाक्य टाकतो. श्वास अर्धा जरी लांबला तरी पुन्हा पहिल्यापासून. संवादांच्या मागचे संगीत आणि इतर आवाज यांची वेगळी पट्टी, जिला या धंद्यात ‘एम अँड ई’ म्हणतात, ती मूळ निर्मात्याकडून येते आणि नवे संवाद तिच्यावर बसवले जातात. एकाच दिवसात तोच माणूस आजोबा, माकड आणि जखमी हरीण होऊन घरी जातो, आणि भाग प्रसारित होतो तेव्हा शेवटची नामावली बहुधा जाहिरातीच्या वेळेसाठी कापली गेलेली असते. (हल्ली थोडा फरक पडला आहे. ‘निंजा हातोडी’ला हिंदीत आवाज देणाऱ्या मेघना एरंडे यांना आजची मुले नावाने ओळखतात. हा मान तीस वर्षांपूर्वीच्या कलाकारांच्या वाट्याला आला नाही.)

मी हे पत्र मुंबईहून, आणि वरळीच्या केंद्रालाही उद्देशून, लिहितो आहे त्यामागे भूगोलाचे एक कारण आहे. मोगलीची मूळ कथा लिहिणारे रडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी याच शहरात जन्मले. त्यांचे वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवत होते. किपलिंग यांच्या साम्राज्यवादी मतांशी आपले जमण्याचे कारण नाही, आणि त्यांची तरफदारी करण्यासाठी हा उल्लेख मी केलेला नाही. पण आयांच्या आणि नोकरांच्या संगतीत वाढलेल्या त्या मुलाला घरात इंग्रजी बोलण्याची आठवण करून द्यावी लागत असे, एवढी हिंदुस्तानी त्याच्या जिभेवर बसली होती, हे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. पुढे १८९४ मध्ये ‘जंगल बुक’ इंग्रजीत प्रसिद्ध झाले, त्यातले जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचे होते, चित्रे जवळपास शंभर वर्षांनी जपानमध्ये रंगवली गेली, आणि भालू, बाघ, हाथी ही नावे ज्या बोलीतून किपलिंगने उचलली होती त्या बोलीत ती कथा बोलती झाली ती दूरदर्शनवर. या प्रवासातल्या प्रत्येक टप्प्याचे दस्तऐवज जगात कुठे ना कुठे सांभाळलेले आहेत. शेवटच्या टप्प्याचे सांभाळणे आपल्याकडे आहे.

मुंबईसाठी १९९३ हे साधे वर्ष नव्हते. आदल्या डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत दंगली झाल्या होत्या, १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, आणि आमच्या गिरगावातल्या चाळीत मोठी माणसे एकमेकांशी बोलताना मुलांना गॅलरीत पाठवू लागली होती. मुलांना दारे कुठे लावून घ्यायची आणि कोणत्या बाजूला जायचे नाही, एवढेच सांगितले जाई, कारण सांगितले जात नसे. अशा वर्षात रविवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या ज्या खोलीत रंगीत टीव्ही होता तिचे दार उघडे राहत असे आणि आत शिरताना कोणाच्या घरचा, कोणत्या जातीचा, हे कोणी पाहत नसे. मी याला राष्ट्रीय एकात्मता वगैरे म्हणणार नाही. ती एक टीव्हीची खोली होती आणि पुढे बसायच्या जागेवरून रोज भांडणे होत. पण त्या वर्षी मुलांना घाबरवणारा आवाज वाघाचा असावा आणि त्या आवाजाला हातातले बूमरँग घेऊन एक मूल सामोरे जावे, याचे आम्हाला जे वाटले ते दुसऱ्या कोणत्या वर्षी तसेच वाटले असते का, याची मला शंका आहे.

जतनाकडे वळतो, कारण मुख्य चिंता तीच आहे.

त्या काळचे कार्यक्रम यू-मॅटिक, बीटाकॅम अशा चुंबकीय टेपवर असत. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कण चिकटवून ठेवणारा जो थर असतो तो हवेतली आर्द्रता शोषतो आणि वर्षानुवर्षांनी चिकट होत जातो. अशी टेप यंत्रात घातली तर थर सुटून यंत्राच्या हेडवर बसतो आणि एकदा चालवण्याच्या प्रयत्नातच मुद्रण कायमचे जाते. उपाय आहे. टेप नियंत्रित, सौम्य उष्णतेत ठरावीक तास ठेवून थर तात्पुरता घट्ट करता येतो आणि तेवढ्या मुदतीत तिची डिजिटल प्रत काढता येते. मात्र त्यासाठी चालू स्थितीतले जुने यंत्र, त्याचे सुटे भाग आणि ते हाताळणारा माणूस या तिन्ही गोष्टी लागतात, आणि या तिन्ही दरवर्षी कमी होत आहेत. यंत्र कोणी नवे बनवत नाही, आणि ते चालवणारे आपले अभियंते एकेक करून निवृत्त होत आहेत.

आर्द्रता काय करते हे पाहायला मला अभिलेखागारात जायची गरज पडली नाही. आमच्याकडे त्या मालिकेची एक ध्वनिफीत आहे. माझ्या मोठ्या भावाने टेपरेकॉर्डर टीव्हीच्या जाळीसमोर धरून रविवारचा एक भाग भरून घेतला होता. त्यात बल्लूच्या बोलण्यावर कुकरची शिट्टी आहे, खालून भंगारवाल्याची हाक आहे, आणि एका जागी आईने ‘आवाज कमी करा रे’ म्हटलेले शेरखानाच्या वाक्याइतकेच स्पष्ट आहे. मध्यंतरी ती कॅसेट काढली तर खिडकीतून दिसणाऱ्या टेपच्या गुंडाळीवर कडेने पांढरी बुरशी धरली होती. कोरड्या फडक्याने प्लास्टिक पुसले, टेपला हात लावला नाही आणि ओळखीच्या एका ध्वनितंत्रज्ञाकडे दिली. त्याने तिची कडा साफ करून एकदाच चालवली आणि प्रत काढली. शेवटचा बराचसा भाग खरखरीखाली गेला आहे.

घरातल्या अशा फितींचे महत्त्व काय, याचे जगप्रसिद्ध उदाहरण बीबीसीचे आहे. टेप महाग म्हणून आणि पुन्हा दाखवण्याची शक्यता नाही म्हणून बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे कित्येक भाग पुसून टाकले. पुढे पश्चात्ताप झाला तेव्हा चित्रे मिळेनात. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र उपलब्ध आहे, कारण प्रेक्षकांनी घरी बसून तो टेपरेकॉर्डरवर भरून ठेवला होता. त्या आवाजावर नव्याने ॲनिमेशन करून काही भाग पुन्हा उभे करण्यात आले. आपल्याबाबतीत हे उलट्या बाजूने खरे आहे. आपली चित्रे जपानमध्ये शाबूत असतील. हरवण्याचा धोका आवाजाला आहे.

२०२० मध्ये पुनःप्रक्षेपण झाले, म्हणजे सामग्री आहेच, मग काळजी कसली, असे आपण म्हणाल. हे उत्तर अर्धे बरोबर आहे. प्रक्षेपणायोग्य एक प्रत असणे आणि जतन होणे यांत फरक असतो. प्रक्षेपणाच्या प्रतीत संवाद, संगीत आणि इतर आवाज एकत्र मिसळलेले असतात. ते पुन्हा सुटे करून साफ करता येतील असे मूळ संवादांचे मुद्रण कुठे आहे, सर्व ५२ भागांचे आहे का, कोणत्या माध्यमावर आहे, त्याची स्थिती शेवटची कधी तपासली गेली, या प्रश्नांची उत्तरे एका नोंदवहीत असली पाहिजेत आणि ती नोंदवही कोणाही नागरिकाला पाहता आली पाहिजे. ‘आहे कुठेतरी’ हे अभिलेखागाराचे उत्तर असू शकत नाही.

दुसरा आक्षेप हक्कांचा. चित्रांचे हक्क आपले नाहीत, हे मान्य. पण टेपची स्थिती तपासायला, यादी करायला, कलाकारांची नावे प्रसिद्ध करायला आणि त्यांच्या मुलाखती घ्यायला जपानी संस्थेच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. हक्कांची बोलणी लांबतात हे खरे आहे, म्हणूनच जे काम हक्कांवाचून करता येते ते आधी करावे. प्रसारणाचा प्रश्न आला की आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ पासून ‘वेव्हज’ हे स्वतःचे व्यासपीठ आहेच.

तिसरा आक्षेप कोणी लेखी करणार नाही, पण तो सर्वांत जुना आहे : ही मुलांची कार्टून आहेत, यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? जपायला रामायण आहे, संगीत सभा आहेत, थोरामोठ्यांच्या मुलाखती आहेत. त्या जपाव्यातच. परंतु मोठ्यांसाठी केलेले काम कला आणि मुलांसाठी केलेले काम वेळ घालवण्याचे साधन, ही वर्गवारी अभिलेखागारात शिरली की काय होते ते मराठी माणसाला सांगायला नको. वरळीच्या केंद्रातून ‘किलबिल’ प्रसारित होत असे. त्याचे किती भाग आज पाहायला मिळू शकतात, याचे उत्तर केंद्रप्रमुखांनीच द्यावे. याउलट ‘एक अनेक और एकता’ या १९७४ च्या छोट्या ॲनिमेशनपटाकडे पाहा. तोही मुलांसाठीच होता. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे, ॲनिमेशन भीमसैन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे, आणि त्यात गाणारा लहान मुलीचा गळा पुढे साधना सरगम म्हणून देशाला माहीत झाला, एवढे सगळे आज नावानिशी सांगता येते. नावे माहीत असल्यामुळे त्या फिल्मबद्दल लिहिले जाते, ती शिकवली जाते, आणि लिहिले-शिकवले गेल्यामुळे ती टिकते. ‘जंगल बुक’च्या हिंदी आवाजांना ही संधीच मिळालेली नाही.

कायद्याचेही एक वाक्य. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ३८ब आले आणि सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक हक्क मिळाला. त्याआधीच्या कामाला ते कलम कितपत लागू होते हा वकिलांचा विषय आहे आणि मी कोणाच्या वतीने दावा सांगत नाही. पण जी गोष्ट संसदेने आज योग्य मानली आहे ती मागच्या कामाबाबत स्वेच्छेने करायला सार्वजनिक प्रसारकाला कोणी अडवलेले नाही.

मराठीत डबिंग करून ही मालिका सह्याद्री वाहिनीवर दाखवावी, अशी मागणीही या पत्रात जोडावी असे काही मित्रांनी सुचवले. मी ती मुद्दाम जोडलेली नाही. मराठी आवृत्ती व्हावी असे मला वाटते. पण नवे काम मागताना जुन्या कामाचा विषय मागे पडतो, आणि उद्घाटनाचे नारळ फुटतात तेव्हा कपाटातल्या टेपची आठवण कोणाला राहत नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. आधी जे केले ते कुठे आहे हे सापडू द्या.

हे काम कसे सुरू करता येईल याबद्दल मला जे सुचते ते मांडतो. दिल्लीच्या आणि मुंबईच्या अभिलेखागारांत या मालिकेच्या ज्या टेप असतील त्यांची शारीरिक तपासणी करून भागवार यादी करावी, आणि तिच्यात प्रत्येक टेपची स्थिती नोंदवावी. त्यासोबत करारपत्रे, मानधनाच्या पावत्या, ध्वनिमुद्रणाचे तक्ते असे जे कागद असतील ते शोधावेत, कारण कलाकारांची नावे नामावलीत नसली तरी पावतीवर असतातच. लेखा विभागाच्या गठ्ठ्यांतून कलेचा इतिहास मिळण्याची ही पहिली वेळ नसेल. कागदांतून जी नावे मिळतील त्यांच्यातल्या हयात व्यक्तींना वरळीच्या केंद्रात सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या सविस्तर मुलाखती घ्याव्यात. या मुलाखतींना घाई आहे. ज्यांनी तेव्हा मुलांचे आवाज दिले ते आज पंचेचाळिशीच्या आसपास असतील, पण ज्यांनी वडीलधाऱ्या प्राण्यांचे आवाज दिले ते तेव्हाच प्रौढ होते. कोणता प्रसंग कितीदा घ्यावा लागला, जपानी आवाज ऐकून काय उचलले आणि काय टाकले, नानांच्या वाघासमोर बोलणारी पात्रे त्याच वेळी त्याच खोलीत होती की वेगवेगळ्या दिवशी आली, हे कोणत्याच कागदावर मिळणार नाही. ते त्या माणसांनाच विचारावे लागेल.

मुंबईतल्या प्रेक्षकांसाठी आणखी एक सोय करता येईल. वरळीच्या केंद्रात महिन्यातला एखादा दिवस ठरवून घरगुती ध्वनिफिती आणि व्हिडिओ कॅसेट स्वीकारण्याची खिडकी उघडावी, तिथल्या तिथे प्रत काढून मूळ कॅसेट मालकाला परत करावी, आणि काय मिळाले त्याची नोंद ठेवावी. चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. खोल्या रिकाम्या करताना माळ्यावरच्या कॅसेट आधी रद्दीत जातात. लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागांत हे दर महिन्याला घडत आहे, त्यामुळे ही खिडकी लवकर उघडली तर बरे. पेडर रोडवर २०१९ पासून भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. दूरचित्रवाणीच्या आवाजांसाठी तिथे एखादा कोपरा मिळू शकेल का, याची विचारणा आपण संबंधित मंत्रालयाकडे केलीत तर तिचाही उपयोग होईल, पण तो पुढचा भाग झाला.

माझ्याकडच्या फितीची डिजिटल प्रत, कुकरच्या शिट्टीसकट, मी केंद्राला विनामूल्य द्यायला तयार आहे. ती कोणत्या विभागात, कोणाच्या नावे आणि कोणत्या वारी आणून द्यावी, तेवढे कृपया कळवावे.

कळावे,

आपला विश्वासू,
गिरगावातील एक प्रेक्षक
मुंबई